गीझरचा पहारेकरी वारंवार हाक मारतो, तेव्हा...

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातली सकाळ होती. दवाखाना नुकताच उघडला होता. महाडच्याच एका नव्या इमारतीत राहणाऱ्या बाई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रिक्षातून घेऊन आल्या. मुलीचे केस ओले, अंगावर कशीबशी गुंडाळलेली शाल, चेहरा गोंधळलेला.

"डॉक्टर, पोरगी न्हाणीत पडली. दार फोडायची पाळी आली होती. बाहेर आणली तेव्हा हातपाय झाडत होती."

मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्याच्या पापण्या उलटवून पाहिल्या. रक्त थोडे कमी होते. आपल्याकडच्या मुलींत ते असतेच. उपाशीपोटी गरम पाण्याने आंघोळ केली म्हणून घेरी आली असेल, असे मी म्हणालो. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि हातपाय झाडत होती म्हणून मेंदूचा आलेख काढण्याची चिठ्ठीही दिली. आलेख निर्दोष आला. नातेवाइकांत मात्र 'पोरीला फिट येते' अशी कुजबुज सुरू झाली. लग्नाच्या वयाच्या मुलीबद्दल अशी कुजबुज म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

तीन आठवड्यांनी त्याच बाई पुन्हा आल्या. या खेपेस धाकटा मुलगा होता. तोही न्हाणीतच पडला होता. तेव्हा माझे डोळे उघडले. एका घरात दोघांना, एकाच जागी, आंघोळीच्या वेळी फिट कशी येईल? मी विचारले, "वहिनी, पाणी कशावर तापवता?" त्या म्हणाल्या, "गॅसचा गीझर बसवलाय दिवाळीत. पण मेला सारखा विझतो. दोन-तीनदा नळ बंद करून उघडावा लागतो."

संध्याकाळी दवाखाना आटोपून मी त्यांच्या घरी गेलो. चार फूट बाय सहा फुटांची न्हाणी. गीझर आतच भिंतीला टांगलेला. खिडकीला काच, आणि थंडी येते म्हणून काचेवर पुठ्ठा. दाराच्या खालच्या फटीत पाणी बाहेर येऊ नये म्हणून पायपुसणे कोंबलेले. माझे निदान पहिल्या दिवशीच चुकले होते. मुलीला ना अशक्तपणाने घेरी आली होती, ना मिरगी होती. तिला विषबाधा झाली होती.

वास नसलेले विष

कोणतेही इंधन पुरेशी हवा मिळाली तर नीट जळते आणि त्यातून कार्बन डायऑक्साईड व पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साईड हा वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, की ठसका लागत नाही. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साईडच्या बाबतीत अशी सोय नाही. शिवाय तो सिलिंडरमधून येत नाही, ज्योतीपाशी तयार होतो. म्हणून 'गॅसचा वास आला नाही, म्हणजे सर्व ठीक' हा समज फार घातक आहे.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायूची ने-आण करणारे हमाल. कार्बन मोनॉक्साईड या हमालांना प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. मग छाती हलत असते, श्वास चालू असतो, पण मेंदू आणि हृदय यांच्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही. हा वायू रक्ताला असा बाधतो, हे क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडले. पुढे इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरू लागले. माणसाला काही जाणवण्याआधी तो इवलासा पक्षी कोलमडे आणि खाणकामगार बाहेर पळत. सुरक्षेचे साधन म्हणून तेथे हा पक्षी १९८६ पर्यंत वापरात होता.

आता आपल्या न्हाणीचे गणित करू. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीत साधारण साडेपाच घनमीटर हवा मावते. लहान घरगुती गीझर पूर्ण चालू असताना तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा-तेरा घनमीटर हवा लागते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत बिघडते आणि विषारी वायूचे प्रमाण वाढू लागते. न्हाणी पूर्ण बंद असेल तर तेथवर पोचायला पाचएक मिनिटे पुरतात. आंघोळीला आपण किती वेळ घेतो, आणि केस धुवायचे असतील तर किती, याचा विचार प्रत्येकाने करावा. पहिला आंघोळ करून जातो त्याला काही होत नाही, पाठोपाठ जाणारा दुसरा किंवा तिसरा पडतो, त्याचे कारण यात आहे.

गीझरच्या पोटातील पहारेकरी

गीझर नव्हता तेव्हा आपल्याकडे तांब्याचा बंब होता. तो परसात किंवा पडवीत पेटे आणि धूर आभाळात जाई. तापलेले पाणी बादलीतून न्हाणीत येई, विस्तव बाहेरच राही. गीझरने मात्र विस्तवच न्हाणीत आणला. म्हणून त्याच्यावर पहारेकरी नेमावा लागला.

तत्काळ पाणी तापवणाऱ्या गीझरचे काम असे चालते. आपण नळ उघडतो. वाहत्या पाण्याच्या दाबाने आतील रबरी पडदा सरकतो आणि एक छोटे बटण दाबले जाते. दोन सेलवर चालणारी पेटी जागी होते, ठिणगी पाडते आणि विजेवर उघडणारी गॅसची झडप उघडते. गॅस पेटतो. ज्योतीत एक बारीक धातूची कांडी बसवलेली असते. हीच पहारेकरी. ज्योतीत विद्युतभारित कण असतात. त्यामुळे कांडीतून ज्योतीमार्गे अतिशय सूक्ष्म प्रवाह वाहतो. तो मिळत असेपर्यंत पेटी समजते की विस्तव पेटलेला आहे. ज्योत विझली की प्रवाह थांबतो आणि काही क्षणांत झडप बंद होते. नाहीतर न जळलेला गॅस न्हाणीत भरत राहिला असता. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, आणि मग एक ठिणगी पुरे.

काही जुन्या गीझरमध्ये, तसेच काही नव्या शेगड्यांत हेच काम थर्मोकपल करते. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवले की थोडी वीज निर्माण होते, हे झीबेक या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये आढळले. ज्योतीत ठेवलेल्या थर्मोकपलची वीज जेमतेम वीस-तीस मिलिव्होल्टची असते, पण एका लहान विद्युतचुंबकाला झडप उघडी धरून ठेवायला ती पुरते. ज्योत गेली, टोक थंड झाले, चुंबक सुटला, स्प्रिंगने झडप मिटली. सेल नको, बाहेरची वीज नको. मात्र आपल्याकडील बहुतेक साध्या दोन बर्नरच्या शेगड्यांत ही सोय नसते. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस वाहतच राहतो, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

तो कशाचा पहारा करतो, कशाचा नाही?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. कांडी असो की थर्मोकपल, तो फक्त 'ज्योत आहे की नाही' एवढेच पाहतो. ज्योत आहे, पण ती विष ओकते आहे, हे त्याला कळत नाही. हा पहारेकरी पुढचे दार राखतो, मागचे दार उघडेच असते.

मागचे दार राखण्यासाठी काही उपकरणांत प्राणवायू कमी झाल्यास गॅस तोडणारी वेगळी व्यवस्था असते. तिची युक्ती साधी आहे. प्राणवायू घटला की लहान ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते आणि थर्मोकपलपासून दूर सरकते. ते थंड पडते आणि गॅस बंद होतो. ही सोय प्रत्येक गीझरमध्ये असतेच असे नाही. विकत घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. ती सोय चांगली असली तरी बंद न्हाणीत वीस मिनिटे हा फार मोठा वेळ आहे.

आता त्या बाईंचे वाक्य आठवा. "मेला सारखा विझतो." सेल उतरले असतील, पाण्याचा दाब कमी असेल किंवा कांडीवर काजळी बसली असेल, तरी गीझर विझतो. पण हवा अपुरी पडून ज्योत हलू लागली, कांडीपासून सुटू लागली, तरीही तो विझतो. त्या घरात पहारेकरी हाक मारत होता, आणि मुलगी नळ बंद करून, पुन्हा उघडून, त्याला गप्प बसवत होती. आंघोळ चालू असताना विझलेला गीझर दाराआडून पुन्हा पेटवू नये. दार उघडावे, बाहेर यावे.

देखभाल कशी करावी?

आपल्याकडे गीझर पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडावर आठवतो. तोवर महिनोन् महिने तो दमट हवेत पडून असतो. बर्नरच्या बारीक छिद्रांत कोळी जाळे करतात, धूळ बसते, गंज चढतो. हवा आत ओढण्याची वाट बुजली की निळी ज्योत पिवळी होते. पिवळी ज्योत आणि काजळी ही अर्धवट ज्वलनाची उघड खूण आहे. गीझरच्या वरच्या भागावर किंवा भिंतीवर काळे दिसले तर तो वापरू नये.

वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, जाणकार कारागिराकडून पुढील कामे करून घ्यावीत. बर्नर आणि त्याची छिद्रे साफ करणे. वरच्या तांब्याच्या जाळीतील काजळी काढणे, कारण ती तुंबली की जळका वायू वर न जाता खाली परततो. पाण्याच्या तोंडाशी असलेली गाळणी धुणे. ज्योत ओळखणारी कांडी बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने पुसणे. तिच्यावर थर बसला तर प्रवाह वाहत नाही आणि गीझर उगाच विझतो. थर्मोकपल असेल तर त्याचे टोक निळ्या ज्योतीत नेमके बसले आहे का आणि तार कुठे चिरडली आहे का, ते पाहणे. ते झिजणारी वस्तू आहे, बिघडले तर दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता बदलावे. सेल दर हंगामाला नवे घालावेत. कोणतेही काम करताना आधी गॅस बंद करून सेल काढून ठेवावेत.

एक कळकळीची विनंती. 'ही कांडी सारखी त्रास देते, काढूनच टाकतो' असे म्हणणारा कारागीर भेटला तर त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावा. पहारेकऱ्याला काढून टाकल्याने चोर जात नाही.

सिलिंडरचा रेग्युलेटर आणि नळी हेही याच साखळीचे दुवे आहेत. रेग्युलेटरमध्ये रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. सिलिंडरमधील प्रचंड दाब ते घरात वापरण्याइतका कमी करतात. साधी रबरी नळी उंदीर कुरतडतात. आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाळावी. गळती तपासायची तर साबणाचा फेस लावून, काडी ओढून कधीही नाही.

महापुरात बुडालेली उपकरणे

महाडकरांना हा मुद्दा वेगळा सांगायला हवा. २२ जुलै २०२१ चा दिवस कोण विसरेल? सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले, तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. त्या दुःखात गॅसच्या शेगडीकडे कोण पाहणार? लोकांनी चिखल धुतला, शेगडी उन्हात वाळवली आणि चहा टाकला. तेव्हा ते समजण्यासारखे होते, पण सवय म्हणून ते बरे नाही.

रेग्युलेटरच्या टोपीला एक बारीक छिद्र असते. त्यातून पडद्याच्या वरची हवा आत-बाहेर करते. पुराच्या गाळाने ते बुजले तर पडदा मोकळा हलत नाही आणि गॅसचा दाब बिघडतो. बुडालेला रेग्युलेटर एजन्सीला दाखवल्याशिवाय जोडू नये. बुडालेल्या गीझरमधील सेलची पेटी, विजेवरची झडप आणि कांडीची तार गंजतात. तो वरून चकचकीत दिसला तरी तपासणीशिवाय पेटवू नये. वाहून आलेले सिलिंडर एजन्सीच्या हवाली करावेत.

पुरानंतर वीज जाते आणि जनरेटर निघतात. जनरेटरच्या धुरातही हाच विषारी वायू असतो. तो घरात, जिन्याखाली किंवा दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमागे कधीही चालवू नये.

ज्यांच्या घरी गीझर नाही त्यांनाही

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतील वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठला गीझर! पण बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आहे ना? वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराला गोधडी, खाटेखाली निखारे आणि त्यावर ओव्याची धुरी. धूर दिसेनासा झाला तरी निखारे कार्बन मोनॉक्साईड सोडतच असतात. बाळंतीण डोके दुखते म्हणते, बाळ पेंगुळते, आणि आपण दृष्ट काढतो. शेक द्यायचाच असेल तर खोलीची खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ द्यावा आणि शेगडी बाहेर न्यावी. थंडीत शेगडी खोलीत ठेवून झोपू तर मुळीच नये. गर्भवतीच्या बाबतीत तर अधिक जपावे, कारण गर्भाचे रक्त हा वायू आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवते.

ओळखावे कसे, करावे काय?

डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, पायांतील बळ जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळ, आणि शेवटी शुद्ध हरपणे किंवा झटके. ताप नसताना घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर हा संशय घ्यावाच. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत 'गॅस गीझर सिंड्रोम' या नावाने अशा रुग्णांच्या नोंदी छापून आल्या आहेत. त्यांतील काहींवर आधी मिरगीचेच उपचार झाले होते, हे वाचून मला माझी चूक पुन्हा आठवली.

कोरोनाच्या साथीनंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत ते फसवते. विषारी वायूने अडवलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते. आकडा ९८ दिसला म्हणून निर्धास्त राहू नये.

कोणी न्हाणीत पडल्याचे कळले तर दार उघडून, श्वास रोखून आधी रुग्णाला मोकळ्या हवेत ओढावे. गॅस बंद करावा. कुशीवर झोपवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात पहिले वाक्य 'गॅस गीझर चालू होता' हेच सांगावे. उपचार आहे तो प्राणवायूच. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात ते होते. शुद्धीवर आला म्हणून घरी थांबू नये. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात बदल, स्वभावात बदल असे त्रास उद्भवतात.

आणि गॅसची गळती असेल, वास येत असेल, तर विजेचे बटण चालू अथवा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

थोडक्यात

१) गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी.

२) ते शक्यच नसेल तर खाली एक आणि वर एक अशा कायम उघड्या झरोक्यांशिवाय गीझर लावू नये. धुराची नळी थेट बाहेर काढावी.

३) आधी बादली भरावी, गीझर बंद करावा, मग आंघोळीला जावे.

४) एकापाठोपाठ एक आंघोळी करू नयेत. मध्ये दार उघडे ठेवावे.

५) न्हाणीला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी असावी.

६) शक्य असल्यास कार्बन मोनॉक्साईड ओळखून वाजणारे छोटे यंत्र घरात बसवावे. त्याचीही मुदत असते, ती पाळावी.

त्या घरातील गीझर दुसऱ्याच दिवशी सज्ज्याबाहेर गेला. खिडकीवरचा पुठ्ठा निघाला. मुलीला पुन्हा कधी फिट आली नाही, कारण ती तिला कधी नव्हतीच. मी मात्र त्या घरच्या वडीलधाऱ्यांना बोलावून, त्यांच्या देखत सांगितले की चूक माझी होती, मुलीत दोष नाही. तिचे लग्न झाले. मुलाच्या बारशाचे पेढे घेऊन ती दवाखान्यात आली होती. मी विचारले, "सासरी पाणी कशावर तापवतात?"

ती हसली. "बंबावर, डॉक्टर. आणि तोही अंगणात."